जोडीचा डबा

सुईण पायरी चढली तीच बोलत. "ठिणगे, तुझी सून वाळून चाललीय. सांगून ठेवते, मागाहून म्हणू नकोस की कुणी कानावर घातलं नाही."

ठिणगी सुपात डाळ निवडत होती. हे नाव तिला खाणीवरच्या माणसांनी पाडलेलं. तोंडाची फटकळ बाई. बोलली की समोरच्याला चटका बसलाच म्हणून समजा. पण ज्यांनी नाव पाडलं त्यांच्या घरात कुणी अंथरूण धरलं की पातेलं घेऊन पहिली तीच हजर व्हायची. त्यामुळे नावाबद्दल ना त्यांची तक्रार होती ना तिची.

"माझी कुठली सून?" ती म्हणाली. "दिली की तिला दुसऱ्या घरी. आता ती घुम्याची बायको."

"दिलीत ना? मग मुलगा झालाय तिला. आणि अजून एका घरातून वाटीभर पेज गेलेली नाही तिकडे. तो घुम्या सकाळी चूल पेटवतो, काहीतरी करपवून ठेवतो आणि खाणीत जातो. पोराला ओढायला दूध नाही."

ठिणगीने डाळीतला खडा उचलून अंगणात भिरकावला. अंगणात तिचा नवरा छिन्नीला धार लावत बसला होता. खाणीवर लहानथोर सगळे त्याला उस्ताद म्हणत. छिन्नीला धार कधीचीच आलेली. पण हाताला काम नाही म्हणून तो रोज तीच छिन्नी घासत बसायचा. सुईणीचं बोलणं ऐकून त्याचा हात थांबला, आणि मग पुन्हा चालू झाला.

वस्तीची रीत अशी, की मूल झालं की बाळंतीण उठती होईपर्यंत घरांनी पाळीपाळीने तिच्याकडे जेवण पोचवायचं. भांडण असलं तरी पोचवायचं. मागे शिंपिणीला मुलगी झाली तेव्हा जिच्याशी कुंपणावरून तिची झिंज्या धरण्यापर्यंत मजल गेली होती, तीसुद्धा भात घेऊन गेली होती. ताट आपटून ठेवलं, पण ठेवलं. असं असताना या एका घराकडे कुणी फिरकलं नाही. कारण सगळ्या वस्तीने खाण बंद ठेवली होती आणि घुम्या एकटा खाणीत जात होता.

खाण बंद पडायचं कारण ठिणगीचा लेक. दोन वर्षांपूर्वी अगदी खालच्या टप्प्यावर दरड सुटली आणि तो तिच्याखाली गेला. मालकाने तो टप्पा सोडून दिला. या उन्हाळ्यात त्याला नेमका तिथलाच दगड हवा झाला. उस्ताद म्हणाला, आधी वरची दरड मागे छाटून घ्या, मग उतरतो. मालक नाही म्हणाला. मग उस्तादही नाही म्हणाला, आणि सगळ्यांनी घण खाली ठेवले. त्यात बायकोचे दिवस भरत आले म्हणून घुम्या एका सकाळी मालकाने बाहेरून आणलेल्या माणसांबरोबर गपचूप खाली उतरला.

हा घुम्या म्हणजे लेकाचा जोडीदार. खाणीत माणूस एकटा काम करत नाही. एकजण पहार धरतो, दुसरा तिच्यावर घण घालतो. घण लेकाचा, पहार घुम्याची. लेक गेल्यावर वर्षभराने उस्तादानेच सुनेचं आणि घुम्याचं जमवून दिलं. "माझ्या पोराच्या घणाखाली ज्याचा हात कधी हलला नाही, त्याच्या हातात सून द्यायला मला भीती वाटत नाही," असं तेव्हा चारचौघांत म्हणाला होता. आता म्हणत होता, "जिथे माझं पोर गेलं तिथेच जाऊन पहार रोवतो. त्याचं नाव या घरात काढायचं नाही."

सुईण गेली. ठिणगीने डाळ धुतली, नेहमीच्या दुप्पट.

"कुणासाठी एवढी?" उस्तादाने अंगणातून विचारलं.

"नाव काढू नका म्हणालात ना? मग विचारूही नका."

डाळ शिजली, भोपळा शिजला, भात झाला. लसूण मात्र तिने तेलात काळपट होईपर्यंत परतला. बाळंतिणीला असा लसूण कुणी देत नाही, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण लेकाला तो तसाच लागायचा, पांढरा राहिला तर म्हणायचा, "आई, हा लसूण आहे की दात?" तिचा हात सवयीने थांबला नाही. आणि डबा काढायला फळीवर हात गेला तोही लेकाच्याच डब्यावर. दुसरा डबा घरात नव्हता असं नाही. हा दोन कप्प्यांचा, उंच, बुडाशी चेपलेला, जोडीचा डबा.

जोडीचा डबा म्हणजे काय, तर दोघांमध्ये एक. खाणीत दोघांनी एकदम जेवायला बसायचं नाही. एकाने वरचा कप्पा खायचा, तोवर दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून दरडीवर डोळा ठेवायचा. मग पाळी बदलायची आणि खालचा कप्पा दुसऱ्याने खायचा. एक दिवस डबा ठिणगीच्या घरून यायचा, एक दिवस घुम्याच्या. त्याची आई गेल्यावर रोजच ठिणगीच्या घरून जायला लागला. वर्षानुवर्षं तिने दोघांना जेवू घातलं होतं.

तिने दोन्ही कप्पे भरले. दुपारचं वर, संध्याकाळचं खाली. फडक्यात बांधून ती निघाली तेव्हा उस्ताद उठून तिच्या वाटेत उभा राहिला. अंगाने अजून दणकट होता.

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना तोंड आहे, म्हणतील. पोराला पोट आहे, त्याचं काय?"

तो बाजूला झाला. पण त्या संध्याकाळपासून त्याने तिच्या हातचं ताट घेणं सोडलं. स्वतः उठायचा, स्वतः वाढून घ्यायचा, भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

गल्लीत ऊन रणरणत होतं. दारादारात बायका बसल्या होत्या. कामधंदा बंद, त्यामुळे जिभांना काम होतं. शिंपिणीने दारातूनच विचारलं, "काय ठिणगीकाकू, कुणाकडे स्वारी?"

"तुझ्याकडे नाही, एवढं नक्की."

"आमच्या घरातले पुरुष उपाशी बसलेत तुमच्या लेकापायी. आणि तुम्ही डबे पोचवताय फितुराच्या घरी."

  शिंपिणीच्या घरात खरंच एक वेळची चूल पेटत होती. मान खाली घालून ती पुढे गेली. मागून कुणीतरी खरकटं पाणी फेकलं. ते तिच्या अंगावर आलं नाही, टाचेपर्यंतच आलं. पण टाचा ओल्या झालेल्या तिला घुम्याच्या दारापर्यंत जाणवत राहिल्या.

घुम्याचं घर एका खोलीचं. खाटेवर सून पडली होती, कुशीत दुपट्यात बांधलेलं पोर. गालफडं बसलेली, ओठांवर साली. ठिणगीला पाहून तिने उठायचा प्रयत्न केला.

"आई."

"पडून राहा. मोठी उठणारी आलीय."

घुम्या तिला बघायला कामावरून घटकाभर आला होता. केसांवर, भुवयांवर पांढरी भुकटी. त्याने ठिणगीला वाकून नमस्कार केला आणि मग त्याची नजर तिच्या हातातल्या फडक्याकडे गेली. ती सोडायला लागली तसा तो दोन पावलं मागे सरला. डबा दिसला, तसा तो बाहेरच गेला आणि पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसला.

"याला काय झालं?" ठिणगीने विचारलं.

"दमतात," सून म्हणाली. तिने झाकण उघडलं, वास घेतला आणि डोळे मिटून घेतले. मग एकेक घास सावकाश खाऊ लागली. ठिणगीने पोराला उचललं. हाताला वजनच लागेना. पिल्लासारखं तोंड उघडायचं, पण आवाज निघायचा नाही. याचा बाप घुम्या, हे तिला ठाऊक होतं. तरी त्याच्या कानाची पाळी, कपाळ, अंगठ्याची नखं ती निरखत राहिली. आपल्या लेकाचं काहीतरी सापडेल म्हणून. काही सापडलं नाही, आणि सापडणार तरी कुठून? वेडेपणा नुसता. पोराला खाली ठेवून ती घरी आली.

मग हे रोजचं झालं. सकाळी डबा भरायचा, मान खाली घालून गल्लीतून जायचं, आदल्या दिवशीचा घासलेला डबा उचलून आणायचा. डबा रिकामा यायचा, लख्ख यायचा. ठिणगीला समाधान वाटायचं. स्वयंपाक करतानाही तिचं तिला बरं वाटत होतं. दोन वर्षं ती चुलीपुढे नुसती उरकायला बसायची. आता हात भराभर चालत होते. लसूण तडतडायला लागला की ती नकळत ओठांत पुटपुटायची, झालं रे, झालं. कुणाला म्हणतोय आपण, हे तिच्या ध्यानात यायचं नाही. एकदा उस्तादाने ऐकलं. पाणी पिता पिता त्याने तांब्या खाली ठेवला आणि अंगणात निघून गेला.

आणि पोर मात्र दिवसेंदिवस मिटत चाललं.

"अगं, ती जेवते की नाही?" सुईणीने विचारलं. तिने पोराच्या मांडीची कातडी चिमटीत धरून दाखवली; सोडली तरी ती तशीच उभी राहिली. "शेळीचं दूध पाजून बघितलं, ओकून टाकतं. आईचंच उतरायला हवं. आणि आई खाईल तर उतरेल."

"दोन माणसांचं जेवण पाठवते मी. डबा चाटूनपुसून रिकामा येतो."

सुईणीने पोराला पुन्हा दुपट्यात गुंडाळलं. "मग दुसरं माणूस जेवत असेल," ती म्हणाली. "दिवसभर दगड फोडणाऱ्याला भूक काय कमी लागते?"

ठिणगीच्या डोक्यात जाळ झाला. ती तडक खाणीच्या वाटेला लागली. माणसं वर यायची वेळ होती. बाहेरून आलेली माणसं पुढे गेली, मागून घुम्या आला, एकटा. आता त्याला जोडीदार नव्हता. जो रिकामा असेल तो त्याच्या पहारेवर घण घालायचा. डाव्या हाताची दोन बोटं फडक्यात बांधलेली होती. नवख्याचा घण चुकला असणार. ठिणगीला ते दिसलं, पण रागाने तिने पाहिलं न पाहिलंसं केलं.

"लाज वाटत नाही?" ती वाटेतच उभी राहिली. "बाळंतिणीच्या तोंडचा घास खातोस? मी गल्लीत शिव्या खाऊन डबा आणायचा आणि तू ढेकर द्यायचा? एवढी वर्षं जेवू घातलं ते कमी पडलं?"

पुढे गेलेली माणसं वळून बघायला लागली. एकजण हसला. घुम्या उभा राहिला, खाली बघत. बांधलेली बोटं दुसऱ्या हाताने दाबत होता.

"मावशी, त्या डब्याला मी हात लावत नाही," तो म्हणाला.

"मग काय भूत येऊन खातं?"

त्याने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ठिणगीची पुढची शिवी तोंडातच राहिली.

"उद्या डबा दिल्यावर लगेच जाऊ नका," तो म्हणाला. "मागच्या दाराशी थांबा जरा. मी सांगून तुम्हाला पटायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने डबा दिला, पोराला घटकाभर मांडीवर घेतलं, निघते म्हणाली आणि घराला वळसा घालून मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिथे गल्लीतलं एक कुत्रं आडवं पडलं होतं. सगळ्या वस्तीतली कुत्री बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालेली, आणि हे मात्र माजलं होतं. तिला पाहून शेपूट हलवायचासुद्धा त्याला कंटाळा.

फटीतून आत दिसत होतं. सुनेने वरचा कप्पा संपवला. बोटं चाटली. भूक भागली नव्हती, हे तिच्या बघण्यावरून कळत होतं. खालच्या कप्प्याकडे बघत ती बराच वेळ बसली. एकदा तिचा हात पुढे गेला आणि मागे आला. मग तिने डबा लावला, कडी अडकवली, पदराने पुसला आणि भिंतीला धरत धरत उठून पुढच्या दाराच्या चौकटीशी नेऊन ठेवला. कडी बाहेरच्या बाजूला वळवली, येणाऱ्याच्या हाताला बरी पडेल अशी.

"गार व्हायच्या आत या," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. आवाज अगदी रोजचा. बायको नवऱ्याला म्हणेल तसा.

मागे खाटेवर पोर तोंड उघडझाप करत होतं.

ठिणगी भिंतीला टेकली.  घुम्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. कामावरून मुद्दाम मधेच निघून आला होता.

"पहिल्या दिवसापासून असंच आहे," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत डबा दारात. मग मी ते याला घालतो." त्याने कुत्र्याकडे बोट केलं. "घासून ठेवतो. रिकामा डबा बघितला की तिला झोप लागते. येऊन जेवून गेले म्हणते."

"तुझ्या हातचं खात नाही?"

"नको म्हणते. तुमचा डबा आल्यापासून दुसऱ्या कशाला हात लावत नाही."

"मग बोलायचं नाही का मला? दुसऱ्या भांड्यात आणलं असतं मी."

"काय बोलू?" घुम्या म्हणाला. "तोच डबा हातात घेऊन वर आलो होतो मी."

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या दिवशी पहिली पाळी घुम्याची होती. तो जेवत होता आणि लेक राखणीवर, दरडीकडे तोंड करून. दरड सुटली ती लेकाने आधी बघितली. त्याने हाक मारली, घुम्या उठून पळाला, आणि पळताना हातातला डबा सोडायचं त्याला सुचलं नाही. वर आला तेव्हा वरचा कप्पा रिकामा होता आणि खालचा भरलेला.

ठिणगी घरी आली. आता खरं तर पुढचं सोपं होतं. डबा बदलायचा, सुनेला दोन शब्द सुनवायचे, समोर बसून खाऊ घालायचं. फटकळ बाईला एवढं काय अवघड? पण दुसऱ्या सकाळी ती उठली आणि तिने लसूण सोलायला घेतला. जरा जास्तच सोलला. डाळ त्याला लागायची तशी दाट केली. तोच डबा काढला, खालचा कप्पा दाबून भरला.

कारण खरं सांगायचं तर तिला ते हवं होतं. दोन वर्षांत त्याच्या नावाने कुणी ताट मांडलं नव्हतं. घरात उस्ताद त्याचं नाव काढायचा ते फक्त मालकाशी भांडताना. वस्ती त्याचं नाव काढायची ती घण खाली ठेवण्यापुरती. आणि त्या एका खोलीत कुणीतरी त्याची वाट बघत होतं, गार व्हायच्या आत या म्हणत होतं. राहू दे, ठिणगीला वाटलं. एक-दोन दिवसांनी काय बिघडतंय. जेवू दे त्याला.

ती डबा देऊन आली. सुनेशी काही बोलली नाही. घुम्या त्या दिवशीही कामावरून मधेच येऊन पायरीवर बसला होता. त्याने तिच्या हातात तोच डबा बघितला आणि मान फिरवली.  आज उद्या म्हणता म्हणता आणखीही एक सकाळ तशीच गेली.

त्यानंतरच्या सकाळी सुईण दारात आली, ती पायरी चढलीच नाही. खालूनच म्हणाली, "आता ओढतही नाही गं ते. तोंडाला लावलं तरी नुसतं पडून राहतं. आज-उद्या काही उतरलं नाही, तर मला बोलावू नका. मला बघवायचं नाही."

अंगणात छिन्नीचा आवाज बंद झाला. ठिणगीने चुलीवरची कढई उतरवली. डबा तिने आधीच भरून ठेवला होता. तोच उचलला आणि निघाली. गल्लीत शिंपिणीने काहीतरी म्हटलं. तिच्या कानावरून गेलं.

सुनेने वरचा कप्पा खाल्ला. ठिणगी समोर जमिनीवर बसून बघत होती. वरचा संपल्यावर सून डबा लावायला गेली, तेव्हा ठिणगीने खालचा कप्पा स्वतःकडे ओढला.

"आई, ते नको," सून घाईने म्हणाली. "त्यांचं राहिलंय."

"माहीत आहे मला."

ठिणगीने पहिला घास घेतला. सून आधी नुसती बघत राहिली. काय चाललंय ते तिला कळेना. दुसरा घास, तिसरा. मग ती खाटेवरून खाली उतरली, धडपडत, आणि तिने ठिणगीचं मनगट धरलं.

"आई, त्यांचं आहे ते. ते येतील तेव्हा काय वाढू मी?"

"नाही यायचा तो."

"येतात. रोज जेवून जातात."

"कुत्रं जेवून जातं. तुझा नवरा घालतो त्याला आणि डबा घासतो, तुला झोप लागावी म्हणून." ठिणगी खात होती.  दोन वर्षं तिने स्वतःला हे एक वाक्य म्हणू दिलं नव्हतं, आणि आता तोंडात भात असताना ते म्हणावं लागलं. "मेला गं तो. मी त्याची आई सांगते तुला. त्याच्या वाटणीचं खायचा हक्क माझा आहे, तुझाही नाही आणि कुत्र्याचाही नाही."

सुनेने नखं रुतवली. मनगटावर रक्त आलं. "उपाशी गेले ते," ती ओरडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "त्या दिवशी डबा मी भरला होता आणि ते उपाशी गेले. आणि मी इथे… दुसऱ्याच्या घरात बसून पोटभर…"

"गेला उपाशी," ठिणगी म्हणाली. "माझ्या घशातून रोज हेच उतरत नाही. पण एक गेला. आता हा दुसरा तू उपाशी पाठवतेयस, ते तर दिसतंय ना?"

सुनेचा हात सुटला. ठिणगीने कप्पा वाकडा करून कडेला लागलेलं बोटाने पुसलं, तेही खाल्लं, आणि रिकामा कप्पा दोघींच्या मधे जमिनीवर ठेवला. सून त्यात बघत होती. मग तिच्या पोटातून असा हंबरडा फुटला की आज कामावर न जाता पायरीवर बसून राहिलेला घुम्या धावत आत आला. ठिणगीने त्याला हाताने थांबवलं. तिलाही रडू फुटलं होतं. दोघी जमिनीवर बसून रडत होत्या, आणि घुम्या चौकटीत उभा होता. आत यावं की बाहेर जावं, त्याला कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने सुनेने नाक पुसलं. "भूक लागलीय," ती म्हणाली.

आता डब्यात शीतही उरलं नव्हतं. ठिणगीने घुम्याकडे पाहिलं. "काही केलंयस का रे?"

"पेज आहे," तो म्हणाला. "पण करपलीय."

"आण."

त्याने पातेलंच आणलं. वाटी शोधायला वळला तर सुनेने पातेलं मांडीवर घेतलंसुद्धा. पेज तळाशी काळी झाली होती, गुठळ्या झाल्या होत्या. ठिणगीच्या घरात असली पेज कुणाच्या पुढे ठेवायची हिंमत झाली नसती. सून ती पळीनेच खात होती. मधेच थांबली, मान वर न करता म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

घुम्याला वाटलं, ती ठिणगीला विचारतेय. तो वाटी शोधतच राहिला.

"तुम्हाला विचारतेय," सून म्हणाली.

"नाही अजून," घुम्या म्हणाला. ती सरकली, तिने पातेलं दोघांच्या मधे ठेवलं. तो आधी दाराकडे बघत बसला, जुन्या सवयीने. मग तोही वळला आणि त्याने बांधल्या हाताने पातेल्याची कड धरली. दोघं एकदम जेवायला लागली.

ठिणगीने पोराला उचलून सुनेच्या कुशीत दिलं. तिच्या कपड्यावर छातीशी बोटाएवढा ओला डाग उमटला होता. अश्रूंचा होता की कशाचा, ठिणगीने मुद्दाम निरखून पाहिलं नाही. पोराने तोंड लावलं, सोडलं, पुन्हा लावलं आणि मग त्याचा गाल हलायला लागला. तेव्हा ती उठली.

ती घरी पोचली तेव्हा ऊन कललं होतं. उस्ताद पायरीवर बसला होता. छिन्नी जवळ नव्हती. त्याने तिच्या मनगटाकडे पाहिलं, रडून सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"पोर?" त्याने विचारलं. कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोलला.

"ओढायला लागलंय."

त्याने सरकून जागा केली. ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली. आत जाऊन हात धुवायचं तिच्या लक्षातच आलं नाही. बोटांना अजून भात चिकटलेला होता. उस्ताद त्या बोटांकडे बघत होता.

"तिथे जेवलीस?"

"जेवले. पोराच्या वाटणीचं होतं, ते संपवून आले."

म्हाताऱ्याचा जबडा हलला. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले.  गल्लीतून माणसं जात होती. कुणी हाक मारली, त्याने ओ दिली नाही. मग खूप वेळाने, लेक खाणीतून आल्यावर त्याला डब्याबद्दल विचारायचा तसं, खालच्या आवाजात त्याने विचारलं, "कसं झालं होतं?"

"गार झालं होतं," ठिणगी म्हणाली. "पण मीठ बरोबर होतं."